झाडांची नातीगोती : बडोद्यात राहून वनस्पती आणि कवकांची उत्क्रांती शिकायची तर

थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी, आवृत्तबीजी. शाळेत ही नावं आपण सगळ्यांनी पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरलो. विसरण्याचं कारण माझ्या मते त्यांच्या मांडणीत आहे. शेवाळ तळाला आणि फुलझाड माथ्याला अशा क्रमाने ती समोर आली, त्यामुळे शेवाळच सुधारत सुधारत शेवटी आंबा झालं असा काहीतरी समज मनात बसला. तसं घडलेलं नाही. भिंतीवरचं मॉस आणि चौकातला वड हे एकमेकांचे लांबचे चुलतभाऊ आहेत. दोघांचा मूळपुरुष एकच, तो आज हयात नाही, आणि त्याच्यापासून निघाल्यावर दोन्ही घराणी सारखीच वर्षं आपापल्या वाटेने बदलत आली आहेत. घरातली वंशावळ आपण जशी वाचतो तशी झाडं वाचायला लागलात की हा विषय पाठ करावा लागत नाही.

ती सवय लागावी म्हणून हा लेख आहे. प्रयोगशाळा लागत नाही. बडोद्यातल्या मराठी घराच्या आसपास जे सहज हाती येतं, त्यावरच सगळं करता येतं.

आधी थोडी तयारी

दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या. ते डोळ्याला अगदी लावून धरायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. नवखी माणसं भिंग लांब धरतात आणि काही दिसत नाही म्हणून ठेवून देतात. बरोबर कोऱ्या पानांची वही, पेन्सिल, जुनं ब्लेड आणि पाण्याची फवारणीची बाटली असू द्या. मोबाइलने फोटो जरूर काढा, पण चित्रही काढा, कितीही वेडंवाकडं आलं तरी. हात चालतो तेव्हाच डोळा नीट बघतो.

सुरुवात जुलैत करा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की बडोद्यातल्या जुन्या विटांच्या भिंती आठवड्याभरात हिरव्या होतात. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या : ओलावा शोधत विश्वामित्रीच्या काठावर उतरू नका. नदीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्या काठावर येतात. जे बघायचं आहे ते भिंतीवर, बागेत आणि बाजारात भरपूर आहे.

काळाची पट्टी

पहिल्याच दिवशी एक काम उरका. एक मीटर लांबीची कागदाची पट्टी कापून भिंतीला चिकटवा. 2 सेंटीमीटर म्हणजे 1 कोटी वर्षं. उजवं टोक म्हणजे आज, तिथून डावीकडे मोजत जायचं.

94 सेंटीमीटरवर खूण करा : सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांच्या एका शाखेतून जमिनीवरच्या वनस्पती निघाल्या. 72 सेंटीमीटरच्या आसपास बी आलं. फुलांचे पक्के जीवाश्म 26 सेंटीमीटरपासून, म्हणजे सुमारे 13 कोटी वर्षांपासून मिळतात. 13 सेंटीमीटरच्या किंचित पुढे डायनोसॉर संपले. आपली माणसाची जात सुमारे 3 लाख वर्षांची, म्हणजे या पट्टीवर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. पेन्सिलची रेघच तेवढी जाड येते.

पुढे जे जे बघाल ते या पट्टीवर टिपत जा.

पहिली भेट : भिंतीवरचं मॉस

पावसाळ्यात भिंतीवर दोन वेगळ्या हिरव्या गोष्टी असतात. हाताला बुळबुळीत लागते आणि जिच्यात पान-देठ असं काही दिसत नाही, ती शैवालं. बोटाला मऊ मखमल लागली आणि भिंगाखाली इवली इवली पानं दिसली, की ते मॉस. आपल्याला आज मॉस हवं आहे.

नखाएवढा तुकडा बशीत घेऊन दोन दिवस वाळू द्या. पानं आत वळतील, रंग काळपट होईल, मेलं असं वाटेल. मग भिंग डोळ्याला लावून त्यावर पाण्याची फवारणी करा. मिनिटाभरात पानं उलगडतात आणि हिरवी होतात. पहिल्यांदा हे बघणारा माणूस दुसऱ्यांदा वाळवून पुन्हा बघतोच.

असं का होतं, त्यात मॉसची सगळी हकिकत आहे. त्याला खरी मुळं नाहीत, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. पाणी अंगभर थेट शोषायचं, आणि नसेल तेव्हा वाळून गप्प पडून राहायचं. नळ्या नाहीत म्हणून उंची नाही. शिवाय नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जाते, म्हणून निदान पाण्याचा एक पातळ थर तरी लागतोच.

आता मॉसमधून वर आलेले केसाएवढे बारीक देठ आणि त्यांच्या टोकाची बोंडं शोधा. बोंडात बीजाणू असतात, म्हणजे धुळीसारखे बारीक कण, ज्यांतून नवं रोप उगवतं. हा देठ म्हणजे खरं तर पुढची पिढी आहे, आईच्या अंगावरच वाढणारी. खालच्या हिरव्या गादीतल्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, वरच्या देठात दोन. दोन पिढ्यांचा हा खेळ सगळ्या वनस्पतींत चालतो, फक्त कोणती पिढी मोठी आणि कोणती लहान हे घराण्यागणिक बदलतं. हा धागा पकडून ठेवा, कारण नेचे, सायकस आणि फुलझाड समजायला तोच लागणार आहे.

बागेतल्या ओल्या मातीवर चपटी, दोन-दोन फाट्यांत वाढणारी हिरवी चकती दिसली तर ती बहुधा रिक्सिया. मॉसच्याच गोतातली, पण पानांशिवायची.

दुसरी भेट : नेचे

जुन्या चुन्याच्या भिंती, विहिरीच्या आतल्या कडा, गटाराजवळच्या विटांचे सांधे इथे एक नेचं हमखास उगवतं. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना लांब, अरुंद पिसं. पान उलटं करा. प्रत्येक पिसाच्या दोन्ही कडांना तपकिरी रेघ दिसेल, ती बीजाणूंची. तेरिस नावाचं हे नेचं मातीतलं आर्सेनिक मोठ्या प्रमाणात स्वतःत साठवतं, हे 2001 मध्ये लक्षात आलं आणि दूषित माती साफ करायला त्याचा वापर करून पाहिला जाऊ लागला.

नेच्यात पाण्याच्या नळ्या आल्या, त्या नळ्यांच्या भिंती लिग्निनने, म्हणजे लाकूड कठीण करणाऱ्या द्रव्याने, कडक झाल्या आणि झाडाला उंच होता आलं. इथे पिढ्यांचा तोल उलटला आहे : जे मोठं झाड दिसतं ते दोन संचांचं, आणि एका संचाची पिढी फक्त काही मिलिमीटरची, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती. ती स्वतंत्र जगते, पण बघितलेली माणसं फार थोडी. तुम्ही घरी वाढवून बघा. भाजक्या विटेचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करा, पाण्याच्या ताटलीत ठेवा, पिकलेलं पान कागदावर झटका, पडलेले बीजाणू विटेवर पेरा आणि वर काचेची बरणी उपडी घाला. जागा उजेडाची हवी, थेट उन्हाची नको. काही आठवड्यांत वीट हिरवी होते आणि पुढे भिंगाखाली ती हृदयं दिसू लागतात. धीर धरा, महिना उलटला तरी फेकू नका.

सुट्टीच्या दिवशी पावागड केलात तर कातळाच्या भेगा बघत चढा. काळ्या चकचकीत देठाचा हंसराज आणि छोट्या पंख्यासारखी मयूरशिखा तिथे भेटतील. अजून दक्षिणेला, डांगच्या आहवा परिसरातून 2018 मध्ये जेमतेम 1 सेंटीमीटर उंचीचं नेचं नोंदवलं गेलं. ते ज्या ओफिओग्लॉसम गणातलं आहे, त्या गणातल्या एका जातीत पेशीमागे हजाराहून जास्त गुणसूत्रं असतात, आपल्यात 46. गुणसूत्रं जास्त म्हणजे जीव जास्त सुधारलेला, हा समज इथेच सोडून द्या.

तिसरी भेट : फाटकाजवळचा सायकस

बडोद्यात जुन्या बंगल्यांच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना जी ठेंगणी, ताडासारखी दिसणारी झाडं लावलेली असतात, ती ताड नव्हेत. तो सायकस, मूळचा जपानकडचा. त्याला फूल येत नाही. नर झाडाला मध्यभागी उभा, लांबोळा शंकू येतो. मादी झाडाला लोकरीसारख्या पिवळसर पानांचा गुच्छ आणि त्यांच्या कडांवर नारिंगी बिया. दोन्ही शोधून चित्र काढा. बिया विषारी आहेत, मुलांना आणि कुत्र्याला दूर ठेवा.

सायकस मला फार मोलाचा वाटतो, कारण जुनं आणि नवं दोन्ही त्याच्यात एकत्र दिसतं. परागकण वाऱ्याने आणि कीटकांनी मादीपर्यंत येतो, हे नवं. पण तिथे पोचल्यावर परागनलिकेतून नर पेशी सुटते आणि ती पोहते, मॉससारखीच. तिच्यावर हजारो केस असतात आणि ती इतकी मोठी असते की नुसत्या डोळ्यालाही टिंबाएवढी दिसते. जपानमध्ये सेइइचिरो इकेनो यांनी 1896 मध्ये हे शोधून काढलं.

सायकसला सर्रास जिवंत जीवाश्म म्हणतात. घराणं जुनं आहे, खरं. पण 2011 मध्ये जनुकांच्या आधारे केलेल्या अभ्यासात असं दिसलं की सायकसवर्गातल्या आज जगणाऱ्या बहुतेक जाती गेल्या सुमारे 1.2 कोटी वर्षांत फुटलेल्या आहेत. आडनाव जुनं, माणसं नवी. तुमच्या पट्टीवर ही खूण डायनोसॉरच्या शेवटापेक्षाही बरीच उजवीकडे येते.

चौथी भेट : गणपतीची पत्री

आता सगळ्यात भरगच्च धडा. गणेशचतुर्थीला आपल्या घरी एकवीस पत्री येतात. पूजा होऊन दुसऱ्या दिवशी पत्री उतरवली की टाकू नका, वर्तमानपत्रावर पसरा. घराघराच्या यादीत थोडा फरक असतो, पण दूर्वा, बेल, तुळस, धोत्रा, डोरली, शमी, आघाडा, माका, कण्हेर, रुई, अर्जुन, डाळिंब, बोर, पिंपळ, जाई, मरवा, विष्णुक्रांता, अगस्ती, केतकी, देवदार ही नावं बहुतेक याद्यांत असतात. धोत्रा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत. हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि चीक डोळ्याला लागू देऊ नका.

सगळ्यात आधी देवदार बाजूला काढा. खरा मिळाला असेल तर त्याची पानं सुयांची असतील. हा एकटा अनावृत्तबीजी, म्हणजे बी फळात न झाकणारा. बाकी सगळी फुलझाडं. मॉस आणि नेचं तर यादीत नाहीच.

मग पानं उजेडाकडे धरून शिरा बघा. दूर्वा आणि केतकीच्या शिरा समांतर धावतात, ती एकदलिकित, म्हणजे बीत एकच दल असणारी. बाकीच्यांत शिरांचं जाळं आहे. ज्यांना जाळं आहे ते सगळे एका घराण्यातले असं मात्र म्हणू नका, ती फक्त पहिली चाळणी.

आता खरी नाती. धोत्रा आणि डोरली शेजारी ठेवा. डोरलीची जांभळी, चांदणीसारखी फुलं वांग्याच्या फुलाशी ताडून बघा, लगेच कळतं. धोत्र्याचं फूल लांब कर्ण्याचं असलं तरी पाकळ्या एकमेकींना जुळलेल्या आणि पाचांच्या हिशेबातल्याच. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची, सगळं हेच कुळ. शमी आणि अगस्ती, म्हणजे हादगा, दोघंही शेंगा धरणारी, डाळींच्या कुळातली. तुळस आणि मरवा चोळून वास घ्या आणि देठ बोटांत फिरवा, चौकोनी लागेल. दोघं एका कुळातली, पुदिनाही त्यांचाच. रुई आणि कण्हेर तोडली की चीक येतो आणि तीही एकाच कुळात बसतात. बेलाचं पान उजेडात धरलंत की भिंगातून बारीक पारदर्शक ठिपके दिसतील, तेलाच्या ग्रंथी. तसेच ठिपके लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या पानात बघा. एक कुळ.

या यादीतली माझी आवडती विष्णुक्रांता. जमिनीसरपट, इवल्या निळ्या फुलांची. तिचं कुळ रताळ्याचं आणि गारवेलीचं. आणि याच कुळात अमरवेल आहे! कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरतं ना, तीच. ना पान, ना जमिनीत मूळ, हिरवा रंगही जवळजवळ गेलेला. दुसऱ्याच्या खोडात शोषकं घालून अन्न ओढते. बघून कोणी तिला रताळ्याच्या घरातली म्हणणार नाही. पण ती फुलते तेव्हा फूल तिचं घराणं सांगतं. उत्क्रांतीत नवं मिळतं तसं जुनं गळूनही पडतं, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण घराजवळ सापडणार नाही.

बदल होतो तो कसा

इथे थोडं थांबून खंडेराव मार्केटात भाजीच्या रांगेतून चक्कर मारा. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली विकत घ्या. या चारही भाज्या एकाच जातीच्या आहेत. युरोपच्या किनाऱ्यांवरल्या रानटी मोहरीवर्गीय झाडातून शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या हवी ती रोपं राखली. कोणी पानांची गच्च कळी निवडली, कोणी फुगलेलं खोड, कोणी कळ्यांचा गड्डा. रोपारोपांत फरक असतो, तो फरक पुढच्या पिढीत उतरतो, आणि सगळ्या रोपांना पुढची पिढी मिळत नाही. एवढ्या तीन गोष्टी असल्या की बदल साचत जातो. शेतात निवड माणूस करतो. रानात ती दुष्काळ, गुरं, कीटक, सावली करतात, हेतू न ठेवता. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1858 मध्ये हे जगापुढे मांडलं.

कमाटीबागेत : फूल आणि फळ

सयाजीबाग, आपल्या तोंडची कमाटीबाग, 1879 ची. त्याच वर्षी जुलैत डार्विनने आपला वनस्पतितज्ज्ञ मित्र जोसेफ हुकर याला पत्र लिहिलं की फुलझाडं पृथ्वीवर इतक्या झपाट्याने कशी पसरली हे एक त्रास देणारं गूढ आहे. त्या गूढाचे धागेदोरे आता बरेच हाती आले आहेत आणि त्यातले काही या बागेत किंवा तुमच्या देवघरात बघता येतात. बागेत फुलं तोडू नका, खाली पडलेली घ्या.

सोनचाफ्याचं फूल घ्या आणि एकेक भाग काढून कागदावर लावा. पाकळ्या आणि हिरवी निदलं वेगळी ओळखताच येत नाहीत. पुंकेसर पुष्कळ, मोजदाद नसलेले. मधल्या दांड्यावर स्त्रीकेसर फिरकीने रचलेले, सुटे सुटे. आता जास्वंद उघडा : पाचाचा हिशेब पक्का, पुंकेसर जुळून एक नळी झालेली. मग झेंडू उकला. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक स्वतंत्र फूल आहे. चाफ्याची शाखा फुलझाडांच्या वंशावळीत लवकर फुटली. सीताफळ तिच्या जवळचं, म्हणून तेही सुट्या स्त्रीकेसरांचं, आणि फळावरचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर.

लक्ष्मीपूजनाला कमळ आणाल तेव्हा ते कुमुदाशेजारी ठेवा. दोन्ही पाण्यातली, दोन्हींच्या पाकळ्या भरपूर, दोघांची पानं गोल. शंभर वर्षं तज्ज्ञांनीही त्यांना एकत्र ठेवलं. डीएनए तपासल्यावर कळलं की कुमुद फुलझाडांच्या वंशातल्या अगदी आरंभीच्या फांद्यांपैकी एका फांदीवर आहे, आणि कमळाचा जवळचा नातलग आहे बागांत उंच वाढणारा सिल्व्हर ओक. पाण्यात राहून दोघं एकसारखी दिसू लागली, इतकंच. डोळ्यांनी तपासायचं असेल तर पान बघा : कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते, कमळाचं पान सलग आणि देठ बरोबर मधोमध.

हाच घोळ निवडुंग आणि थोराचा. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, थोर आपल्याकडचा. दोघंही मांसल, काटेरी. थोराला ओरखडा काढला की पांढरा चीक वाहतो, निवडुंगातून तसा येत नाही. चीक डोळ्याला फार वाईट, म्हणून काडीने ओरखडा काढा आणि लांबून बघा.

आता उंबर. दत्ताच्या देवळाच्या आवारात औदुंबर असतोच. खाली पडलेलं पिकत आलेलं फळ ब्लेडने उभं चिरा. आतल्या भिंतीला शेकडो बारीक दाणे लागलेले दिसतील. ती फुलं आहेत, आत दडलेली. फळाच्या टोकाला एक बारीक दार आहे. गांधीलमाशीच्या नात्यातली, दोन-एक मिलिमीटरची माशी त्या दारातून आत शिरते, शिरताना तिचे पंख झडतात. आत ती फुलांना पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पिल्लांतले बिनपंखी नर आधी निघतात, माद्यांशी मीलन करतात, बाहेरची वाट कोरतात आणि फळातच संपतात. माद्या पराग घेऊन उडतात, दुसऱ्या उंबराच्या शोधात. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. ही जोडी कोट्यवधी वर्षं एकमेकांना घडवत आली आहे. माशी नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर माशीला घर नाही. या एका फळावर एक अख्खी दुपार घालवा.

गवताबद्दल एकच गोष्ट सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिलिकाचे कण मिळाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असंच बहुतेक मानत होते. पट्टीवर 13 सेंटीमीटरच्या खुणेपाशी दूर्वेचं एक पातं चिकटवा.

कवकं : वेगळं घराणं

भूछत्र, बुरशी, यीस्ट, गव्हावरचा तांबेरा, भोपळ्याच्या पानावरची भुरी ही सगळी कवकं. जमिनीतून उगवतात आणि जागची हलत नाहीत म्हणून ती वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्राच्याच पुस्तकात राहिली. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये त्यांना स्वतंत्र सृष्टी दिली. पुढे डीएनएने सांगितलं की कवकं झाडांपेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्यालाही, जास्त जवळची आहेत. खुणा आधीपासून होत्या : त्यांच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, झुरळाच्या आणि कोळंबीच्या कवचातलं, आणि ती साठा ग्लायकोजेनचा करतात, आपल्या यकृतासारखा. हरितद्रव्य त्यांच्या वंशात कधी नव्हतंच. अमरवेलीने ते गमावलं, कवकांना ते मुळात मिळालं नव्हतं. हा फरक नीट समजून घ्या.

पावाचा ओलसर तुकडा पारदर्शक डब्यात घट्ट बंद करा. तीन-चार दिवसांत पांढरे धागे आणि मग काळे ठिपके येतील. धागे म्हणजे कवकाचं खरं शरीर, ठिपके बीजाणूंचे. डबा उघडू नका, वास घेऊ नका, बाहेरूनच भिंगाने बघा आणि बंद डब्यासकट टाकून द्या.

भूछत्राचा ठसा घ्यायचा तर अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद करा. छत्रीची दांडी कापून टोपी खालच्या बाजूने त्यावर ठेवा, वाटी पालथी घाला, सकाळी उचला. टोपीखालच्या पातळ पात्यांची हुबेहूब नक्षी बीजाणूंच्या रंगात उमटलेली असते. पावसाळ्यात हिरवळीवर मोठी पांढरी, वर तपकिरी खवल्यांची छत्री येते, तिचा ठसा फिकट हिरवा निघतो. ती विषारी आहे आणि खाण्याजोग्या छत्र्यांसारखीच दिसते. रानातली अळंबी या लेखाच्या भरवशावर कुणीही खाऊ नये. ठसा, फोटो, चित्र एवढंच.

आणि दगडफूल! गोडा मसाला करताना हातात येतं ते. एक तुकडा पाण्यात भिजवा, ब्लेडने पातळ काप घ्या आणि कडेकडून भिंगाने बघा. वर राखाडी थर, खाली काळा, आणि मध्ये हिरवट रेघ. राखाडी आणि काळं ते कवक, हिरवी रेघ शैवालाची. हे एक झाड नाही, दोन जिवांचा संसार आहे. सिमोन श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकात हे मांडलं तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांनी ते मानायला नकार दिला होता. दगडफुलाच्या गोतातल्या बऱ्याच जाती हवेतल्या गंधकाच्या वायूला फार नाजूक असतात, म्हणून वर्दळीच्या रस्त्यावरची झाडं आणि जांबुघोड्याच्या रानातली झाडं यांच्या साली ताडून बघा.

झाड आणि कवक यांची भागीदारी तर जमिनीखाली सर्वत्र आहे. बहुतेक वनस्पतींच्या मुळांत कवकाचे धागे राहतात. ते स्फुरद आणि पाणी आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या खडकात 40.7 कोटी वर्षांपूर्वीच्या बिनमुळांच्या वनस्पतींच्या पेशींतही असे धागे सापडले आहेत. पट्टीवर 81 सेंटीमीटर. म्हणजे खरी मुळं यायच्या आधीपासून ही सोबत आहे आणि कदाचित तिच्याविना जमीन हिरवी झालीच नसती.

द्राक्षावर आणि बाजरीवर येणारा केवडा रोग मात्र कवकाचा नाही. धागे तसेच, बीजाणू तसेच, पण पेशीभित्ती सेल्युलोजची आणि नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी. कमळ-कुमुदाची गोष्ट इथेही.

वहीतली वंशावळ

सहा-आठ महिन्यांनी वहीची मधली दोन पानं उघडा आणि वंशावळ काढा. डावीकडून एक रेघ. पहिल्या फाट्यावर एकीकडे कवकं आणि प्राणी, दुसरीकडे हिरवी शैवालं आणि वनस्पती. वनस्पतींच्या रेघेवर मॉस-रिक्सिया एका बाजूला, नळ्यांच्या वनस्पती दुसऱ्या बाजूला. मग नेचे, मग बियांच्या वनस्पती. त्यांत सायकस-देवदार एकत्र आणि फुलझाडं वेगळी. फुलझाडांत कुमुद आधी सुटतं, मग चाफा-सीताफळ, दूर्वा-केतकी आणि उरलेली मोठी फांदी यांच्या वाटा वेगळ्या होतात. दगडफूल दोन ठिकाणी लिहावं लागेल. जिवंत असलेली सगळी नावं उजव्या कडेला एका ओळीत आली पाहिजेत. मॉस खाली आणि वड वर असं झालं असेल तर खोडून पुन्हा काढा.

फाट्यावर मॉस, नेचं अशी आजची नावं लिहू नका. तिथे जो होता तो कोणी वेगळाच. फाट्यापाशी फक्त काय नवं आलं ते लिहा : नळ्या, बी, फूल.

नावाबद्दल अडलात तर पान दोन्ही बाजूंनी, फूल, फळ, साल आणि पूर्ण झाड असे पाच फोटो आणि जागा-तारीख टिपून ठेवा. नुसत्या पानावरून तज्ज्ञालाही नेमकं सांगता येत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे स्वतःची बाग आणि वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. तिथे जायचं तर आधी परवानगी घ्या आणि वही बरोबर न्या. फेब्रुवारीत सावर आणि पळस फुलले की उरलेलं फुलांचं काम सुरू करा. सावरीचं पडलेलं फूल जास्वंदीशेजारी उकलून बघा. दोघं एका कुळात का, हे पुंकेसरांपासून शोधायला लागा, आणि त्याच कुळातली भेंडीची आणि कापसाची फुलंही मिळवून ठेवा.